युद्धनौकांचा जिओकॅशिंग मार्ग

युद्धनौकांचा जिओकॅशिंग मार्ग : युद्धनौकांची नावे व त्यांचा इतिहास यांभोवती गुंफलेली, अक्षांश-रेखांशांवरून शोधायच्या ठिकाणांची मालिका. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिका मुद्दाम ठेवत असलेली चूक २ मे २००० रोजी काढण्यात आली आणि शंभरेक मीटरपर्यंत हुकणारे स्थान दहा-वीस मीटरांच्या आत सापडू लागले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जिओकॅशिंग या खेळाची मूळ रीत तीच आहे : डबी शोधायची, आतल्या नोंदवहीत नाव लिहायचे आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. अनेक डब्या एका विषयाने एका वाटेवर आल्या की त्यांचा मार्ग होतो. विषय युद्धनौकांचा असला की मात्र पेच पडतो. किल्ल्याला जागा असते, रणभूमीला जागा असते. युद्धनौकेचे आयुष्य जागा बदलण्यात जाते आणि शेवट बहुधा समुद्रतळाशी किंवा भंगारात होतो. मग तिचे अक्षांश-रेखांश कोणते द्यायचे? या प्रश्नाच्या उत्तरावर अशा मार्गाची योग्यता ठरते. ज्या थांब्यावर नौकेचा काही पुरावा वाचता येतो, तोच थांबा इतिहास सांगतो. बाकीच्या डब्यांवर नौकांची नुसती नावे असतात.

असा पुरावा कसा असतो, हे लंडनमध्ये थेम्स नदीत १९७१पासून संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘बेलफास्ट’ या क्रूझरवर दिसते. तिच्या पुढच्या सहा तोफा अशा कोनात रोखलेल्या आहेत, की गोळे सुटलेच तर ते सुमारे वीस किलोमीटर दूर, एम-१ महामार्गावरच्या लंडन गेटवे या विश्रांतिस्थळावर पडावेत. सहा इंची तोफेचा पल्ला किती, हे पुस्तकात आकड्याने कळते. त्या विश्रांतिस्थळाच्या वाहनतळावर उभे राहिले की तो आकडा अंतर म्हणून समजतो. इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरातील ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश फ्रिगेटही अशीच बोलकी आहे. ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली, कारण इंग्लंडात जहाजांना लागणारे ओकचे लाकूड दुर्मिळ झाले होते. ती आजही तरंगते आहे. तिच्यासाठी एक थांबा हार्टलपूलला आणि दुसरा मुंबईत दिला, तर लाकूड, कारागीर आणि साम्राज्य यांचा संबंध नकाशावरच उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की या कसोटीने समुद्रापासून दूरच्या गावांत असा मार्ग आखताच येणार नाही. एरवी तिथे होते ते इतकेच, की शेतवाटेवर ठरावीक अंतराने डब्या ठेवून त्यांना नौकांची नावे दिली जातात. खेळाच्या नियमानुसार दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते. नावे त्या अंतराच्या सोयीने पडतात आणि माहिती घरबसल्याही वाचता येते. पण आतल्या गावांनाही नौकांचा खरा संबंध असतो. १९४१-४२मध्ये ब्रिटनभर ‘वॉरशिप वीक’ साजरे झाले. लोकांनी बचतरोख्यांत पैसे गुंतवले आणि गावोगावी एकेक युद्धनौका दत्तक घेतली गेली. लीड्स हे समुद्रापासून दूरचे शहर. ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका नोव्हेंबर १९४१मध्ये बुडाल्यावर तिच्या जागी नवी नौका यावी म्हणून या शहराने ९० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. अशा दत्तकविधानांच्या स्मृतिफलकांवरून कितीतरी खेड्यांत खरा थांबा शोधता येतो. फलकावरचे आकडे सूत्रात घालून पुढच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढायचे, ही बहुटप्पी डब्यांची पद्धत इथे चपखल बसते, कारण फलक वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिथे माणसे मेली, तिथे डबी शोधण्याचा खेळ शोभतो का? ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने अरबी समुद्रात बुडाली; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्यांचे स्मारक दीव येथे आहे. तिथल्या दगडांत डबी खुपसणे औचित्याला धरून नाही, हे मान्यच करायला हवे. पण औचित्यभंग होतो तो डबीमुळे, थांब्यामुळे नव्हे. स्मारकापाशी फक्त वाचन ठेवून डबी लांब दुसरीकडे ठेवता येते किंवा डबीच नसलेला आभासी थांबा देता येतो.

हीच तोड सुरक्षेच्या आक्षेपालाही लागू पडते. १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४मध्ये लिलावात भंगारात गेली. तिच्या पोलादाचे स्मारक २०१६पासून मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ आहे. बेवारस डबी दिसली की बॉम्बशोधक पथक बोलावणाऱ्या शहरात, तेही गोदीच्या दाराशी, काही लपवणे हा शुद्ध अविचार ठरेल. तिथे डबीची गरजही नाही. खुद्द नौकेचे पोलाद समोर आहे. म्हणून अशा मार्गाचे मोल डब्यांच्या संख्येवरून ठरवू नये. प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न लावावा : इथे न येता याचे उत्तर देता आले असते का? ‘नाही’ असे उत्तर येणारे पाच थांबे, ‘हो’ असे उत्तर येणाऱ्या पन्नास डब्यांपेक्षा युद्धनौकेबद्दल अधिक सांगतात.