धम्मासाठी परदेशवारी : कालची आणि आजची

परदेशी धम्मयात्रेचे नाव निघाले की आज आपल्या कोरेगाव भीमा परिसरात पहिला प्रश्न येतो, "पासपोर्ट काढला का?" शंभर वर्षांपूर्वी प्रश्न निराळाच होता : धम्म शिकवील असा गुरू भेटणार कुठे?

गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी याच ओढीने १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करीत, पदरी पैसा नसताना ते नेपाळात पोचले. तिथे निराशाच झाली. अखेर १९०२ साली श्रीलंकेत त्यांना पाली शिकविणारे गुरू लाभले.

भीमेपलीकडे पेरणे हद्दीतील विजयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी मानवंदना देणारे बाबासाहेब पुढे बौद्ध परिषदांसाठी १९५० साली श्रीलंकेत, १९५४ साली रंगूनला गेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, प्रकृती साथ देत नसताना, ते काठमांडूला गेले.

१९६९ साली उलट घडले. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन आले. पहिले शिबीर मुंबईत झाले. पुढे इगतपुरीला केंद्र उभे राहिले.

म्हणून बंधू-भगिनींनो, मोलमजुरीतून साठवलेला पैसा तिकिटात घालण्याआधी इगतपुरीचे दहा दिवसांचे शिबीर करून पाहा. तिथे फी नाही. दान शिबीर पुरे केल्यावर, तेही स्वेच्छेने. मग खुशाल लुंबिनीला जा. नेपाळला व्हिसा लागत नाही; पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालते.

कोसंबींजवळ पैसा नव्हता, पण कशासाठी जायचे ते पक्के होते. पिशवी भरण्याआधी आपणही तेवढे ठरवू या.

जय भीम!