माळ्यावरच्या कॅसेट आणि जुना टू-इन-वन: विकत घेण्याआधी थोडा इतिहास

सध्या जुन्या टू-इन-वनला पुन्हा भाव आलाय. मुंबईच्या चोरबाजारापासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत सगळीकडे चंदेरी कडांचे, दोन मोठ्या स्पीकरचे, वर हँडल असलेले टेप विकायला दिसतात. कोणी दिवाणखान्यात शोभेला ठेवतं, कोणाला तो घरच्या ॲम्प्लिफायरला जोडून गाणी ऐकायची असतात. हौसेला मोल नसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निवड करताना आपण यंत्राची चकाकी बघतो आणि कॅसेट विसरतो. खरा ऐवज त्या प्लास्टिकच्या डबीत आहे, आणि त्यातला आवाज जगात दुसरीकडे कुठेच नसण्याची शक्यता मोठी आहे. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने एक छोटी कॅसेट मांडली. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ऑटन्स यांच्या चमूने ती बनवली होती. त्याआधी टेपरेकॉर्डर म्हणजे स्पूलचं अवजड धूड. फीत हाताने ओवायची, सांभाळायची, तुटली तर जोडायची. ऑटन्स यांनी फीत 3.81 मिलिमीटर रुंदीची केली, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर ठेवला आणि सगळं डबीत बंद करून टाकलं. पुढे फिलिप्सने ठरलेली मापं पाळण्याच्या अटीवर इतर कंपन्यांना रॉयल्टीशिवाय कॅसेट बनवू दिली. त्यामागे जपानच्या सोनीचा आग्रह होता. या एका निर्णयाने कॅसेट जगभर एकसारखी झाली.

अजून एक गोष्ट फिलिप्सने शहाणपणाने केली. स्टिरिओची डावी-उजवी रेघ फितीवर शेजारी शेजारी ठेवली. त्यामुळे एका स्पीकरच्या साध्या मोनो टेपवरही स्टिरिओ कॅसेट वाजते, दोन्ही रेघा एकत्र वाचल्या जातात. शहरातल्या महागड्या डेकवरची कॅसेट गावातल्या साध्या टेपवरही चालायची, ती या रचनेमुळे. 1966 मध्ये फिलिप्सनेच रेडिओ आणि टेप एका पेटीत बसवले. आपण ज्याला टू-इन-वन म्हणतो त्याचा हा मूळ पुरुष. पुढे जपानी कंपन्यांनी त्याला दोन स्पीकर दिले, मोठं केलं, चमकवलं.

आपल्याकडे हे यंत्र आलं ते बहुतांशी आखातातून. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामाचा धडाका सुरू झाला. केरळमधून सर्वाधिक माणसं गेली, पण रत्नागिरीतून, गोव्यातून आणि मुंबईतूनही पुष्कळ गेली. सुट्टीवर येताना खांद्यावर किंवा मांडीवर जपून आणलेली वस्तू म्हणजे नॅशनल पॅनासोनिक, सोनी, सान्यो नाहीतर शार्पचा टू-इन-वन. इथे तेव्हा परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर कडक बंधनं आणि भरमसाठ जकात होती. 1978 च्या सुमारास आयातीचे नियम थोडे सैल झाले आणि मग मात्र कॅसेटने देश व्यापला. ज्या घरात ग्रामोफोन कधीच शिरला नव्हता, त्या घरात टेप आला. वीज नसेल तर मोठे सेल टाकायचे, की झालं.

आता यातला मुद्दा लक्षात घ्या. रेडिओवर कोणाचा आवाज लागणार हे आकाशवाणी ठरवायची. रेकॉर्ड कोणाची निघणार हे ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपली एचएमव्ही, ठरवायची. कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला, आणि रेकॉर्डच्या बाजारात तिचीच जवळपास मक्तेदारी. तालुक्यातला भारूड गाणारा, वस्तीतला शाहीर, जात्यावर ओव्या म्हणणारी आजी, यांना या दोन्ही दारांतून क्वचितच प्रवेश मिळायचा. टू-इन-वनवर एक लाल बटण होतं. ते आणि प्लेचं बटण एकत्र दाबलं की समोरचा आवाज फितीवर. परवानगी नको, स्टुडिओ नको, ऑडिशन नको. सामान्य माणसाच्या हातात ऐकण्याबरोबर नोंदवण्याची सोयही आली, ती अशी.

याचा फायदा सर्वांत जास्त कोणी करून घेतला असेल, तर आंबेडकरी जलशांच्या आणि गायनपार्ट्यांच्या परंपरेने. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवरून घराघरांत गेले. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे गाळे लागायचे. 1978 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांचं आंदोलन म्हणजे कॅसेटच्या भरभराटीचाच काळ. आनंद शिंदे यांच्यासारख्या गायकाला पुढे सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, तेही आधी कॅसेटच्या दुकानातून, सिनेमाच्या पडद्यावरून नव्हे. कोळीगीतं, वाघ्या-मुरळी, लावणी, गोव्यातली तियात्राची कांतारां, सगळ्यांची हीच वाट. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने शास्त्रीय संगीत आणि कथाकथन या वाटेने घराघरांत पोचवलं.

बाजारही बदलला. 1983 मध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, सुरू झाली. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं उलटली, की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येईल, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात होती. त्या जोरावर जुन्या गाण्यांच्या स्वस्त आवृत्त्यांचा पूर आला. चोरट्या कॅसेटचा धंदा तर इतका माजला, की 1984 मध्ये कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवाव्या लागल्या आणि कॅसेटवर निर्मात्याचं नाव-गाव छापणं सक्तीचं झालं. त्यानंतरही पान टपरीच्या शेजारी कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणारे होतेच. आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या कॅसेट तशाच आहेत.

आणि हो, कॅसेट म्हणजे नुसती पुण्याईच होती असं समजू नका. इराणमध्ये 1979 च्या क्रांतीआधी खोमेनी यांची भाषणं कॅसेटवरूनच पसरली. आपल्याकडे 1990 च्या आसपास अयोध्येच्या आंदोलनात साध्वी ऋतंभरा यांच्या भाषणांच्या कॅसेट गावोगाव वाजल्या. ज्या यंत्राने दबलेल्यांना आवाज दिला, त्याच यंत्राने माणसं भडकवलीही. आज मोबाइलवरच्या फॉरवर्डबद्दल आपण जे बोलतो, ते सगळं तेव्हा टेपबद्दल बोलून झालेलं आहे. म्हणूनच हा ठेवा इतिहासाचा पुरावा आहे, गोड आणि कडू दोन्ही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र कोणतं घ्यावं? वरच्या इतिहासातच याचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट. घरी किंवा वस्तीत भरलेल्या कॅसेट बहुतेक मोनो आहेत, टेपच्या पुढ्यातल्या छोट्या माइकवर भरलेल्या. त्यांना पाच बँडचं इक्वलायझर आणि भिंतभर स्पीकर यांचा काही उपयोग नाही. आवाज घरच्या ॲम्प्लिफायरमधून किंवा कॉम्प्युटरमधून जाणार असेल, तर यंत्राचे स्वतःचे स्पीकर कसे आहेत याला अर्थच उरत नाही. संग्राहक ज्यासाठी जास्त पैसे मोजतात, ती धिप्पाड मॉडेल सोडून द्या. मधल्या आकाराचा, एकच कॅसेट बसणारा, यांत्रिक बटणांचा टेप बरा. ऑटो-रिव्हर्स शक्यतो टाळा. हेड फिरवणारी ती यंत्रणा जुनी झाली की दोन्ही बाजूंना सारखी नेमकी बसत नाही.

दुसरी गोष्ट, मागची भोकं नीट बघा. ज्यावर लाइन आउट लिहिलंय तो सर्वांत चांगला, कारण तिथला आवाज व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून नसतो. युरोपियन बनावटीच्या, म्हणजे फिलिप्स, ग्रुंडिग वगैरेंच्या यंत्रांवर पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात तीन आणि पाच नंबरच्या पिनेवर वाजणारा आवाज मिळतो, दोन नंबर अर्थची. त्याची तयार वायर मिळते किंवा रेडिओ दुरुस्त करणारा अर्ध्या तासात करून देतो. काहीच नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, पण व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. ॲम्प्लिफायरला जोडताना ऑक्स किंवा टेप इनमध्ये जोडा. फोनो लिहिलेल्या भोकात चुकूनही नको. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, तिथे आवाज फाटतो आणि बद्द होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. चाळीस वर्षांपूर्वी ज्या टेपवर कॅसेट भरली, त्याचं हेड थोडं तिरकं असेल, तर दुसऱ्या टेपवर ती कॅसेट घोंगडीआडून ऐकल्यासारखी वाजते. लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. तसं नसतं बऱ्याचदा. तो स्क्रू केसभर फिरवला की शब्द लख्ख होतात. म्हणून कॅसेटचं झाकण उघडं असताना किंवा झाकणातल्या भोकातून त्या स्क्रूपर्यंत पेचकस पोचतो का, हे घेण्याआधी बघा.

आणखी थोडं. आखातातून आलेली यंत्रं बहुधा 220 व्होल्टवर चालतात किंवा मागे व्होल्टेजचा खटका असतो. खुद्द जपानच्या बाजारासाठी बनलेली 100 व्होल्टची असतात, थेट आपल्या प्लगला लावली तर जळतील. त्यांचा एफएमही 76 पासून 90 मेगाहर्ट्झपर्यंतच, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं लागणारच नाहीत. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरं साचलंय का बघा. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल झालेला असतो किंवा वितळून डांबर झालेला असतो, तो बदलावाच लागेल, हे धरूनच भाव करा. "चालू कंडिशन" याचा अर्थ विकणाऱ्याने तो तुमच्यासमोर कॅसेट लावून शेवटपर्यंत वाजवून दाखवणं. नुसता लाइट लागला म्हणजे चालू नव्हे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी आजोबांची कॅसेट लावू नका. आधी टाकाऊ कॅसेटवर यंत्र पारखा. हेड आणि शेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. मग ठेव्याची कॅसेट घ्या आणि तिच्या मागच्या कडेची दोन प्लास्टिकची कानं तोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर भरलं जाणार नाही. खिडकीतून बघा, फितीवर पांढरी बुरशी असेल, कोकणात ती हमखास असते, तर लावू नका, जाणकाराला दाखवा. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मग वाजवा. आणि पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरवर भरून घ्या. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपी3 नंतर करता येते. ऐकताना एक गंमत जाणवेल, शाहीर श्वास घ्यायला थांबला की मागचा गलका एकदम मोठा होतो. तो दोष नाही, त्या टेपमधली आवाज आपोआप सांभाळणारी यंत्रणा शांततेत माइक वाढवायची. तो गलका काढून टाकू नका. त्यात कोण टाळ्या वाजवतंय, कोण कोणाला हाक मारतंय, हेसुद्धा इतिहासच आहे.

शेवटचा मुद्दा सार्वजनिक आहे. प्रत्येकाने यंत्र घ्यायची गरज नाही. गावच्या वाचनालयात, बुद्धविहारात, भजनी मंडळात, तरुण मंडळात असा एक नीट केलेला टेप, एक वायर आणि एक हार्ड डिस्क असली तरी पुरे. सेलवर चालणारा, उचलून नेता येणारा टेप इथेच उपयोगी पडतो, कारण म्हाताऱ्या गायकाच्या घरी कॅसेट न्यायला मागण्यापेक्षा यंत्रच तिकडे नेता येतं. फाइलला गाणाऱ्याचं नाव, गाव, अंदाजे साल लिहा. पसरवण्याआधी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. जयंतीच्या मिरवणुकीत आपण डीजेवर जो खर्च करतो, त्यातला एका संध्याकाळचा खर्च वळवला तरी हे सगळं होईल.

1980 च्या दशकातली फीत आता चाळिशीत आहे, आणि तिच्यावरची माणसं ओळखणारे आपले थोरले सत्तरी-ऐंशीत. आवाज कोणाचा हे सांगणारं माणूस गेलं, तर कॅसेट वाचूनही अर्धाच उपयोग. त्यामुळे या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडा. लेबलवर पेनाने काय लिहिलंय ते वाचा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून घ्या.