फ्लिंटॉफची बोट

१३ सप्टेंबर २००५. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात हजारो लोकांसमोर अँड्र्यू फ्लिंटॉफला धड उभं राहता येत नव्हतं. आदल्या दिवशी इंग्लंडने १८ वर्षांनी ॲशेस जिंकली होती आणि पठ्ठ्या रात्रभर पीत होता. पंतप्रधानांच्या घरी गेला तेव्हाही उतरलेली नव्हती. सगळ्या देशाला त्याचं कोण कौतुक! नव्या वर्षाच्या सन्मानयादीत त्याचं नावसुद्धा आलं. मार्च २००६मध्ये त्याच्याच कप्तानीखाली इंग्लंडने वानखेडेवर आपल्याला १०० धावांत गुंडाळलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

मग मार्च २००७, वेस्ट इंडीजमधलं सेंट लुसिया. वर्ल्ड कपची पहिली मॅच न्यूझीलंडकडून हरल्यावर गडी पुन्हा प्यायला. रात्री पेडलची बोट घेऊन समुद्रात शिरला. उपकर्णधारपद गेलं, कॅनडाविरुद्धच्या मॅचमधून नाव कापलं.

माणूस तोच, दारू तीच. बदलला होता स्कोअरबोर्ड.

तरी एका मॅचची शिक्षा मला पटते. २००५मध्ये सीरिज संपली होती. इथे दोन दिवसांनी कॅनडाशी खेळायचं होतं. संघाचा वेळ पिण्यात घालवलास तर बाहेर बस, इतकं साधं. बाकी रात्री त्याच्या.

पण त्याआधीच्या हिवाळ्यात तो कप्तान असताना ॲशेस ०-५ अशी गेली होती. त्या काळात आपण नैराश्यात होतो, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. तेव्हा आम्ही बोटीवर विनोद करत होतो. मीही.