'लेंकेन' : सांध्यातून आलेले क्रियापद

वाहनाला दिशा देणे यासाठी जर्मन भाषेत दोन क्रियापदे आहेत : 'लेंकेन' आणि 'श्टॉयर्न'. मोटारीच्या बाबतीत आज दोन्ही चालतात. कुळे मात्र वेगळी. 'श्टॉयर्न' पाण्यावरचे, कारण 'श्टॉयर' म्हणजे जहाजाचे सुकाणू. 'लेंकेन' शरीरातले. मध्ययुगीन जर्मनमधील 'लांके' म्हणजे कूस, कमरेची बाजू. त्यावरून बाजूला वाकवणे, वळवणे. सांध्याला जर्मन माणूस 'गेलेंक' म्हणतो, तो शब्दही याच घरातला.

पुढे हे क्रियापद लगामाशी जोडले गेले. डेल्फीचा प्रसिद्ध कांस्य सारथी जर्मनमध्ये 'वागेनलेंकर' आहे आणि अर्जुनाचा सारथी कृष्णही 'वागेनलेंकर'च. रथ घोडे ओढतात, लढतो रथी. सारथ्याच्या हाती असते ते वळण.

गाडीचे वळणही अखेर सांध्यावरच येऊन ठेपले. जुन्या घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळीवर फिरे. तीव्र वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे. म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१६ च्या सुमारास आस स्थिर ठेवून दोन्ही टोकांना सांधे दिले. चाके तेवढी वळू लागली. लंडनमध्ये १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी त्याचे पेटंट घेतले आणि नाव त्यांचेच रूढ झाले. कार्ल बेंझ यांची १८८६ ची मोटार तीनचाकी होती, त्यामागे हाच वळणाचा पेच होता. चार चाकांसाठी सांध्याची रचना त्यांनी १८९३ मध्ये वापरली.

कायद्यात शब्दांची निवड आणखी बोलकी आहे. ऑस्ट्रियाच्या १९६० च्या वाहतूक कायद्यात चालक म्हणजे 'लेंकर'. मद्याच्या अमलाखाली वाहन 'लेंकेन' करण्यास मनाई आहे. जर्मनीचा कायदा मात्र 'फ्यूरेन', म्हणजे नेणे, हे क्रियापद वापरतो. हा भेद वरवरचा वाटेल. पण गाडी स्वतःच वळू लागली तेव्हा तो कामी आला. जर्मनीने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली : स्वयंचलित यंत्रणा सुरू करून तिच्याकडे गाडी सोपवणारा माणूस, स्वतःच्या हाताने 'श्टॉयर्न' करत नसला, तरी 'फ्यूरर', म्हणजे चालकच, राहतो.

वळवणारा हात आणि उत्तरदायी माणूस शतकानुशतके एकच होते, म्हणून 'लेंकर' या एका शब्दात दोघे मावत होते. आता हात सुटला आहे. उत्तरदायित्व सुटू नये, यासाठी कायद्याला दोन क्रियापदे वेगळी करावी लागली.