हंस मूळचा कुठला? चेसापीकच्या पाच पक्ष्यांची हकिकत

मंडळी, ‘मूळचा कोण आणि उपरा कोण’ हा वाद आपल्या मंडळात नेहमीचा. कधी घराण्यांवरून, कधी आडनावांवरून. अमेरिकेत तो एका पक्ष्यावरून थेट न्यायालयात गेला.

पक्षी म्हणजे मूक हंस. पांढराशुभ्र, नारिंगी चोचीचा, लांब बाकदार मानेचा. मूळचा युरोप-आशियाचा. श्रीमंतांच्या तळ्यांची शोभा म्हणून एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेत नेला गेला. मार्च १९६२ मध्ये मेरीलँड राज्यात वादळ झालं आणि माइल्स नदीकाठचे पाळलेले पाच हंस चेसापीक उपसागरात निसटले. १९९९ साली मोजदाद झाली तेव्हा ते जवळजवळ चार हजार झाले होते!

आता हंसाने कुणाचं काय बिघडवलं? तर हा पक्षी दिवसाला साडेतीन किलोपर्यंत पाणवनस्पती खातो, शिवाय मुळासकट उपटून वाया घालवतो ती वेगळीच. तिथला टुंड्रा हंस हिवाळ्यात येतो नि जातो. हा मात्र बारमाही मुक्कामाला, ऐन वाढीच्या दिवसांतही. याच गवतात खेकड्यांची आणि माशांची पिल्लं आसरा घेतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तर हंसांच्या थव्यांनी किनाऱ्यावरच्या सुरय आणि पाणचिऱ्यांच्या वसाहती उठवल्या.

पण त्याला हात लावायचा कसा? १९१६ साली अमेरिकेने ब्रिटनशी, कॅनडाच्या वतीने, स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा करार केला होता. त्यात नुसतं ‘हंस’ असं लिहिलेलं. देशी की परदेशी, काही नाही. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने म्हटलं, मग मूक हंसालाही संरक्षण आहे. एका मोघम शब्दावर सगळं अडलं. शेवटी २००४ मध्ये कायदा बदलून माणसाने आणलेल्या परदेशी जाती वगळल्या.

पुढचा भाग आपल्या कामाचा. २००५ मध्ये वगळलेल्या पक्ष्यांची यादी निघाली, तेव्हा हंसप्रेमींनी जीवाश्म आणि जुनी चित्रं पुढे केली: हा इथलाच! सरकारी तज्ज्ञांनी ते पुरावे तपासले आणि अमान्य केले. मग अंड्यांना तेल लावून ती उबू न देणं, काही पक्षी मारणं, अशा उपायांनी मेरीलँडमध्ये त्यांची संख्या फारच थोडी उरली.

आपल्याकडेही हंसाचा घोळ आहेच. रविवर्म्याच्या दमयंतीपुढचा पांढरा हंस आपल्या डोळ्यांत बसलेला. पण मूक हंस भारतात वायव्येकडे क्वचितच, चुकून आल्यासारखा येतो. संस्कृत काव्यातला ‘हंस’ बहुधा डोक्यावर काळे पट्टे असलेला पट्टकादंब असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. चित्र पाहून पक्षी ठरवू नये, तो असा.

आणि एक सांगतो. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपण माणसं. ‘उपरा’ हा शब्द आपल्यालाही कधीमधी टोचतो. माणसांना हा न्याय लावू नये. त्या पाच हंसांनाही कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी हौसेने आणले त्यांची नावं कुणी घेत नाही, आणि हिशेब मात्र पक्ष्यांनी चुकवला.