अळीमिळी गुपचिळी : जपानी मोटारींच्या २८० अश्वशक्तीची कथा

१/ १९८९ ते २००४ या काळात जपानमध्ये विकल्या गेलेल्या वेगवान मोटारींची माहितीपत्रके शेजारी शेजारी मांडली, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. निसान, टोयोटा, होंडा, मित्सुबिशी, सुबारू, माझदा. कंपन्या निराळ्या, इंजिनांच्या रचना निराळ्या. तरीही प्रत्येकीच्या सर्वांत शक्तिमान मोटारीपुढे छापलेला आकडा अखेरीस एकाच ठिकाणी येऊन थांबतो : २८० अश्वशक्ती. हा योगायोग नव्हता.

२/ या आकड्याची मुळे रस्त्यांवरच्या मृत्यूंमध्ये आहेत. १९७० साली जपानमध्ये रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळाला तिथे ‘वाहतूक युद्ध’ असेच नाव पडले. पुढे सिग्नल, पदपथ आणि कडक नियम यांमुळे दशकभरात ही संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पण ऐंशीच्या दशकात ती पुन्हा चढू लागली आणि १९८८ मध्ये तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडला.

३/ नेमक्या याच वर्षांत मोटार कंपन्यांची चढाओढ शिगेला पोहोचली होती. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोचार्जर आता सर्रास वापरला जात होता आणि दर नव्या मॉडेलबरोबर शक्तीचा आकडा वाढत होता. द्रुतगती मार्गांवरची वेगमर्यादा मात्र ताशी १०० किलोमीटरच होती. इतकी शक्ती हवी कशाला, हा प्रश्न वाहतूक मंत्रालयाला टाळता येण्याजोगा नव्हता.

४/ तरीही कायदा झाला नाही. जपानी शासनव्यवहारात ‘ग्योसेई शिदो’, म्हणजे प्रशासकीय मार्गदर्शन, नावाचे एक प्रभावी साधन आहे. त्यात हुकूम नसतो, दंड नसतो. अधिकारी केवळ अपेक्षा सूचित करतो. पण ज्या मंत्रालयाकडून पुढच्या मॉडेलची मंजुरी घ्यायची असते, त्याची सूचना कोणती कंपनी कानाआड करील? उत्पादकांनी ‘स्वेच्छेने’ मर्यादा पाळावी, असे ठरले.

५/ ही मर्यादा सुरक्षिततेच्या कोणत्याही सूत्रातून निघालेली नव्हती. १९८७ मध्ये सुझुकीच्या चिमुकल्या अल्टो वर्क्सने ६४ अश्वशक्ती गाठली. तोच छोट्या ‘केई’ वर्गाचा कमाल आकडा ठरला. १९८९ मध्ये निसानची फेअरलेडी झेड २८० अश्वशक्ती घेऊन आली. तोच मोठ्या मोटारींचा कमाल आकडा ठरला. स्पर्धक जिथवर पोहोचले होते, तिथेच रेघ ओढली गेली. त्यामुळे माघार कोणालाच घ्यावी लागली नाही.

६/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निसानची स्कायलाइन जीटी-आर बाजारात आली. तिचे २.६ लिटरचे इंजिन शर्यतीचे नियम समोर ठेवूनच घडवले होते. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या ग्रुप ए स्पर्धेत ही मोटार २९ पैकी २९ शर्यती जिंकली. शर्यतीसाठी सज्ज केलेले हेच इंजिन ५०० हून अधिक अश्वशक्ती देत असे. विक्रीच्या मोटारीत टर्बोच्या दाबनियंत्रक नळीत एक बारीकसा अडथळा बसवलेला होता. तो काढला की दाब वाढे आणि शक्तीही वाढे. माहितीपत्रकात मात्र आकडा होता २८०.

७/ परदेशी माहितीपत्रके पाहिली की फरक आणखी उघड होतो. जपानमधील २८० मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे अमेरिकी मापाने २७६. फेअरलेडी झेड अमेरिकेत ३०० या आकड्याने विकली गेली. १९९३ ची टोयोटा सुप्रा जपानमध्ये २८० ची, तर अमेरिकेत ३२० ची, म्हणजे मेट्रिक मापाने ३२४ ची होती. हत्तीचे दाखवायचे दात मायदेशी राहिले. खायचे दात जहाजाने परदेशी गेले.

८/ अर्थात, पुरावा तपासूनच घ्यावा लागतो. अमेरिकी सुप्राचे टर्बो आणि इंधन फवारणारे इंजेक्टर वेगळे होते. म्हणून तो सगळा फरक खोटेपणाचा नव्हे. डायनॅमोमीटरवर शक्ती बहुधा चाकांशी मोजली जाते, तर कंपनी इंजिनापाशी मोजलेली शक्ती छापते. मध्ये गिअर आणि दंड यांत काही शक्ती खर्ची पडते. ती किती, हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे ‘खरा आकडा’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांतही अंदाजाचा भाग असतो.

९/ याहून बोलका पुरावा जपानी माहितीपत्रकांतच आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर. त्याला फेऱ्यांच्या गतीने गुणले की शक्ती मिळते. १९८९, १९९५ आणि १९९९ च्या जीटी-आरमध्ये मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवरचा टॉर्क अनुक्रमे ३६, ३७.५ आणि ४० किलोग्रॅम-मीटर छापला आहे. शक्ती मात्र तिन्ही वेळा ६,८०० फेऱ्यांवर बरोबर २८०! दहा वर्षांत इंजिन मधल्या फेऱ्यांवर अकरा टक्क्यांनी बळावले आणि वरच्या फेऱ्यांवर तसूभरही हलले नाही, असे हे कागद सांगतात.

१०/ मर्यादा सर्वोच्च शक्तीवर होती, टॉर्कवर नव्हती. अभियंत्यांनी हीच फट हेरली. काहींनी वरची शक्ती खरोखर रोखून मधला जोर वाढवला, काहींनी केवळ छापील आकडा रोखला. दुसरीकडे होंडाची एनएसएक्स होती. तिचा जपानी आकडा २८० आणि अमेरिकी आकडा २७०, म्हणजे मेट्रिक मापाने २७४. तिथे लपवण्यासारखे काही दिसत नाही. माझदाची आरएक्स-७ तर २५५ वरून २६५ आणि मग १९९९ मध्ये २८० अशी पायरीपायरीने चढली.

११/ ग्राहकाची अडचण इथेच होती. २८० हा शिक्का खऱ्यावरही होता आणि खोट्यावरही. कागदावरून दोन्ही ओळखता येत नव्हते. पोर्श, फेरारी यांसारख्या आयात मोटारींना तर हे बंधनच नव्हते. मंत्रालयाला आपण काही केल्याचे समाधान मिळाले, कंपन्यांना आकड्यांच्या स्पर्धेतून उसंत मिळाली. जाणकार मंडळी आणि मोटारी सुधारून देणारी दुकाने सारे जाणून होती. सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी.

१२/ मग माणसे वाचली का? करारानंतरही मृत्यू वाढतच राहिले आणि १९९२ मध्ये साडेअकरा हजारांच्या जवळ गेले. त्यानंतर ते उतरले, पण त्या उताराशी सीटबेल्ट, अधिक सुरक्षित मोटारी, तातडीचे वैद्यकीय उपचार आणि मद्यपी चालकांविरुद्ध २००२ मध्ये कडक झालेली शिक्षा यांचा संबंध सहज जोडता येतो. २८० च्या आकड्याचा नाही. २००४ मध्ये मृतांची संख्या ७,४०० च्या आसपास आली होती. त्याच वर्षी उत्पादकांच्या संघटनेने ही मर्यादा सोडून दिली.

१३/ ऑक्टोबर २००४ मध्ये होंडाची लेजेंड ३०० अश्वशक्तीचा आकडा उघडपणे मिरवत आली. पुढचा प्रसंग मात्र गमतीचा आहे. अमेरिकेत हीच मोटार अॅक्युरा आरएल या नावाने ३०० च्याच आकड्यावर विकली जात होती. तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेने मोजणीचे नियम कडक केले आणि २००६ च्या मॉडेलसाठी तो आकडा २९० वर आणावा लागला. पंधरा वर्षे आकडे दाबून छापणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्याच मोटारीचा आकडा फुगलेला निघाला.

१४/ म्हणून छापील अश्वशक्ती वाचताना दोन प्रश्न विचारावे लागतात : इंजिन किती जोराचे होते, आणि तो आकडा कोणाच्या सोयीसाठी छापला गेला. दुसरा प्रश्न अजून जुना झालेला नाही. केई वर्गाची ६४ अश्वशक्तीची मर्यादा जपानी कंपन्या आजही पाळतात. २०१४ च्या सुमारास ब्रिटनच्या केटरहॅमने त्याच वर्गातली एक मोटार जपानमध्ये आणली. तिच्यात सुझुकीचेच ६६० सीसीचे इंजिन होते. मोटार आयात केलेली, म्हणून आकडा ८०.