हिंदी महासागराचा सामुदायिक शोध

वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलुखांत राहणाऱ्या मनुष्यानें समुद्राविषयीं बोलावें, हें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु ज्येष्ठांत तोरण्याच्या माथ्यावर जे ढग येऊन टेकतात, ते अरबी समुद्रावरूनच येतात. आणि येथें पडलेलें पाणी गुंजवणी, नीरा, भीमा व कृष्णा या वाटेनें बंगालच्या उपसागरास मिळतें. हे दोन्ही समुद्र हिंदी महासागराचेच भाग होत. त्या महासागराच्या पोटांतील जीवसृष्टीचें ज्ञान अनेक राष्ट्रांनीं मिळून कसें संपादन केलें, आणि त्यांत आपला वाटा कसा वाढत गेला, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

सन १९३३ च्या सप्टेंबरांत ‘मबाहिस’ नांवाचें मिसरी जहाज अलेक्झांड्रियाहून निघालें. मोहिमेचे प्रमुख सेवेल हे पूर्वीं हिंदुस्थानच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते; शास्त्रज्ञांत इंग्रजांबरोबर दोघे मिसरी विद्वानही होते. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायु अत्यल्प आहे, आणि त्या खोलीवरील तळ कांहीं ठिकाणीं जवळजवळ निर्जीव आहे, असें त्यांस आढळलें. परंतु या मोहिमेचे वृत्तांत प्रसिद्ध झाले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडून. शोध आपल्या दारांतल्या समुद्राचा. विद्या मात्र परक्या घरीं जमा झाली.

पुढें १९५९ ते १९६५ या काळांत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. बारांहून अधिक राष्ट्रांचीं सुमारें ४० जहाजें तींत सामील होतीं. भारतातर्फे जीं जहाजें गेलीं, त्यांत नौदलाचें ‘किस्तना’ हें एक होतें. ज्या कृष्णेस आमचें पाणी मिळतें, तिचेंच हें नांव. आणि मूळची ही युद्धनौका! अमेरिकेचें ‘अँटन ब्रून’ हें जहाज १९६३ च्या मार्चमध्यें मुंबईहून पहिल्या सफरीस निघालें. ज्या डॅनिश शास्त्रज्ञाचें नांव त्यास दिलें होतें, त्याच्याच नेतृत्वाखालीं १९५१ सालीं दहा हजार मीटरांहून अधिक खोल तळावर जिवंत प्राणी सांपडले होते.

या मोहिमेंत एक अडचण पहिल्यापासून होती. प्रत्येक देशाचें जाळें निराळें. कोणाचीं छिद्रें बारीक, कोणाचीं मोठीं. एकानें पायलीनें मोजावें व दुसऱ्यानें अधोलीनें, तर धान्याचा हिशेब जुळावा कसा? म्हणून सर्वांसाठीं एकाच बनावटीचें जाळें ठरविण्यांत आलें, आणि तें २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढण्याचा नियम झाला. त्यांत सांपडलेले सूक्ष्म प्लवक-जीव निवडण्यासाठीं युनेस्कोच्या साह्यानें कोचीन येथें केंद्र निघालें. राष्ट्रोराष्ट्रींच्या बाटल्या तेथें आल्या. भारतीय तरुणांनीं त्यांतील जीव वर्गवार निवडले, आणि मगच ते देशोदेशींच्या तज्ज्ञांकडे गेले. निवडणें हें काम दिसावयास हलकें. पण शिकण्याची खरी शाळा तीच होती.

भारतीय कार्यक्रमाचे संचालक डॉ. पणिक्कर हेच पुढें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. १ जानेवारी १९६६ रोजीं स्थापन झालेल्या या संस्थेचें मुख्य ठाणें आज गोव्यांत दोना पावल येथें आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजानें २६ जानेवारी १९८१ रोजीं समुद्रतळावरील बहुधातुक गोटा वर आणला. या गोट्यांत तांबें, निकेल, कोबाल्ट हे धातु असतात. अर्थात् ते खणावे असा मोह होणारच. पण खणल्यानें तळावरील जीवांचें काय होईल? तें पाहण्यासाठीं १९९७ सालीं एका रशियन जहाजाच्या साह्यानें, ५,००० मीटरांहून खोल तळावर, सुमारें ३ किलोमीटर लांब व २०० मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळण्यांत आला. आधीं व नंतर तेथील जीवांची गणती झाली. खणण्यापूर्वीं हानि मोजावी, हा विवेक मला त्या गोट्यांहून मोलाचा वाटतो.

दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा आरंभ डिसेंबर २०१५ मध्यें गोव्यांतच झाला. मबाहिसच्या काळीं आपण पाहुण्यांस केवळ वाट देणारे होतों. आतां यजमान झालों आहों. यजमानाचें कर्तव्य इतकेंच, कीं माप सर्वांसाठीं एकच ठेवावें, आणि घरांतील ठेव्यास हात घालण्यापूर्वीं त्यांत काय नांदत आहे, तें नीट पाहून घ्यावें.